प्रतिज्ञापत्रावर कृष्णवर्णीय होता येते का? 'पोर्गी अँड बेस'च्या परदेशवाऱ्या

२०१९ साली बुडापेस्टच्या हंगेरियन स्टेट ऑपेराने आपल्या गायकांपुढे एक कागद ठेवला. आफ्रिकन-अमेरिकन मूळ आणि जाणीव हा माझ्या ओळखीचा अविभाज्य भाग आहे, अशा आशयाचा मजकूर त्यावर होता आणि खाली सहीसाठी जागा. गायक हंगेरियन, बहुतेक सगळे गोरे. काहींनी सही केली, काहींनी केली नाही. सह्या कशासाठी, तर 'पोर्गी अँड बेस' या अमेरिकन ऑपेराचा प्रयोग करता यावा म्हणून. या ऑपेराचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची अट अशी की त्यातली कृष्णवर्णीय पात्रे कृष्णवर्णीय कलाकारांनीच करावीत. आदल्या वर्षी, जानेवारी २०१८ मध्ये, याच संस्थेने अट गुंडाळून ठेवून प्रयोग केला होता. तेव्हा हे सादरीकरण अनधिकृत आणि अटींच्या विरुद्ध आहे, असे त्यांना स्वतःच्याच कार्यक्रमपत्रिकेत छापावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी कागदाची पळवाट काढली. तुम्हाला कृष्णवर्णीय हवेत ना? हे घ्या, सहीनिशी कृष्णवर्णीय!

जगभरातल्या वृत्तपत्रांनी ही बातमी गंमत म्हणून छापली. आम्हाला मात्र ती वाचून हसू आले नाही, कारण हा कागद आमच्या चांगलाच ओळखीचा आहे. महाराष्ट्रात जात पडताळणी समितीच्या कचेरीबाहेर एक दिवस उभे राहा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल. आयुष्यभर ज्यांना जातीची झळ लागली नाही, ज्यांच्या आजोबाला कुणी पाणवठ्यावरून हाकलले नाही, त्यांना प्रवेशाच्या किंवा भरतीच्या वर्षी अचानक आपले 'मूळ' सापडते. दाखला खोटा ठरला तर त्यावर मिळवलेली नोकरी वा प्रवेशही टिकणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०१७ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणांतच स्पष्ट करावे लागले. बुडापेस्टच्या व्यवस्थापकांना आमच्याकडच्या एखाद्या दलालाने दोन तासांत याहून चांगला कागद करून दिला असता.

पण थट्टा इथेच थांबवतो. या एका ऑपेराच्या परदेशवाऱ्यांचा इतिहास पाऊणशे वर्षांहून जुना आहे, आणि प्रतिनिधित्व म्हणजे नेमके काय, हा आपल्या चळवळीतला रोजचा वाद त्यात टप्प्याटप्प्याने उलगडत जातो. म्हणून जरा तपशिलात जाऊ. 'अमेरिकेतल्या ऑपेराशी आपला काय संबंध?' असे विचारणाऱ्या मित्रांना एवढेच आठवून देतो की जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती, आणि १९७२ साली मुंबईतल्या आपल्या पोरांनी संघटनेला नाव देताना ब्लॅक पँथरकडे पाहिले होते.

मूळ कथा दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहराची. द्युबोस हेवर्ड हा तिथला गोरा लेखक. शेळीच्या गाड्यावर बसून फिरणाऱ्या एका अपंग कृष्णवर्णीय भिकाऱ्याची बातमी त्याने वर्तमानपत्रात वाचली, त्यावरून १९२५ साली 'पोर्गी' ही कादंबरी लिहिली आणि पत्नी डोरथी हिच्यासोबत तिचे नाटक केले. ते नाटक ऑक्टोबर १९२७ मध्ये न्यूयॉर्कला लागले. (त्याच वर्षी मार्चमध्ये आपण महाडच्या तळ्यावर होतो आणि डिसेंबरमध्ये मनुस्मृती जाळत होतो. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण तारखा शेजारी ठेवून पाहायची आम्हाला सवय आहे.) थिएटर गिल्ड या संस्थेने त्यात कृष्णवर्णीय पात्रांसाठी कृष्णवर्णीय नट घेतले. आज ही साधी गोष्ट वाटेल. त्या काळी अमेरिकेत गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून काळ्यांची नक्कल करायची शंभर वर्षांची परंपरा होती, आणि तिचा सर्वांत मोठा तारा अल जोल्सन हाच पोर्गीची भूमिका करायला टपून बसला होता. जॉर्ज गर्श्विन या संगीतकाराने १९३५ साली या नाटकाचा ऑपेरा केला तेव्हा त्यानेही तोंडे रंगवू दिली नाहीत. टॉड डंकन पोर्गी झाले, अ‍ॅन ब्राऊन बेस. बोस्टननंतर न्यूयॉर्कला १२४ प्रयोग झाले आणि पैसे बुडाले.

इथपर्यंत गर्श्विनला आमचा सलाम. पण पुढचेही बोलले पाहिजे. कथा, नाटक आणि संगीत तिन्ही गोऱ्यांचे. गाण्यांचे शब्द हेवर्ड आणि जॉर्जचा भाऊ आयरा यांचे. आणि कथेत काय आहे? कॅटफिश रो नावाची वस्ती, तिथे जुगार, दारू, कोकेनची पुडी, सुरा, खून, अंधश्रद्धा आणि अधूनमधून प्रार्थना. माणसे प्रेमळ आहेत, भोळी आहेत, भांडखोर आहेत. फक्त विचार करणारे, संघटना बांधणारे, शिकणारे कुणी नाही. गोरा माणूस या वस्तीत पोलिस किंवा अधिकारी बनून येतो, पण वस्ती अशी का आहे हा प्रश्न ऑपेराला पडत नाही. गर्श्विन १९३४ च्या उन्हाळ्यात चार्ल्सटनजवळच्या बेटावर जाऊन राहिला, तिथल्या कृष्णवर्णीयांची भजने ऐकली, त्यांच्यासोबत टाळ्या वाजवल्या. चांगले केले. आपल्याकडेही वस्तीत येऊन आठ दिवस राहून 'अस्सल अनुभव' घेऊन जाणारे लेखक, दिग्दर्शक आणि संशोधक आम्ही पाहिलेत. समाजशास्त्राच्या वर्गात याला 'क्षेत्रकार्य' म्हणतात. वस्तीतली बाई म्हणते, "ते परवाचे साहेब काय, लिहून घेऊन गेले ते आलेच नाहीत परत."

कृष्णवर्णीय समाजातून टीका पहिल्यापासून झाली. वृंदगायनाचे थोर दिग्दर्शक हॉल जॉन्सन यांनी १९३६ मध्येच लिहिले. १९५९ साली चित्रपट निघाला तेव्हा हॅरी बेलाफोंटे यांनी पोर्गीची भूमिका नाकारली. सिडनी पॉइटिए यांनी ती केली, पण मनाविरुद्ध. त्याच वर्षी लोरेन हॅन्सबेरी या नाटककार बाईने चित्रपटाच्या दिग्दर्शकाशी जाहीर वाद घालून या साचेबंद चित्रणावर बोट ठेवले. हॅरोल्ड क्रूझ यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात तर कृष्णवर्णीय कलाकारांनी या ऑपेरावर बहिष्कार टाकावा अशी भूमिका घेतली.

मग ज्यांनी त्यात काम केले ते सगळे शरणागत होते काय? इथे आमचे आमच्याच काही मित्रांशी जमत नाही. 'समरसतावाले', 'विकले गेलेले' असे शिक्के मारायची आपल्याकडे घाई असते. म्हणून मार्च १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये काय झाले ते बघा. दौऱ्याचा तो शेवटचा मुक्काम. देशाच्या राजधानीतल्या या नाट्यगृहात कृष्णवर्णीय माणूस रंगमंचावर उभा राहू शकत होता, प्रेक्षागृहात बसू शकत नव्हता. टॉड डंकन त्याच शहरातल्या हॉवर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. आपले विद्यार्थी, आपले शेजारी जिथे तिकीट काढू शकत नाहीत तिथे आम्ही गाणार नाही, असे त्यांनी आणि अ‍ॅन ब्राऊन यांनी सांगून टाकले. व्यवस्थापनाने घासाघीस केली. दुपारचे काही खेळ कृष्णवर्णीयांना खुले करतो, वरच्या सज्जात बसू देतो. डंकन हलले नाहीत: कुणालाही, कुठल्याही खेळाचे, कुठल्याही जागेचे तिकीट मिळाले पाहिजे. शेवटी व्यवस्थापन वाकले आणि त्या प्रयोगांपुरते का होईना, नॅशनल थिएटरमध्ये काळे-गोरे शेजारी बसले.

त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या भाषणातला मजकूर बदलून मागितला, बाबासाहेबांनी तो बदलला नाही, परिषद रद्द झाली आणि भाषण त्यांनी स्वतः छापून काढले. नाही म्हणता येणे ही ताकद ज्यांच्याकडे गमावण्यासारखे काही असते त्यांच्याकडूनच पारखली जाते. डंकन आणि ब्राऊन यांच्याकडे पोटाला लागणारी भूमिका होती. वस्तीचे चित्रण त्यांना बदलता आले नाही, प्रेक्षागृह त्यांनी बदलून दाखवले. तेही दौऱ्यापुरतेच. गाडी निघून गेल्यावर नाट्यगृहाने पुन्हा जुना नियम लावला, आणि १९४८ मध्ये नटांच्या संघटनेने बहिष्कार टाकला तेव्हा काळ्यांना आत घेण्यापेक्षा नाटके बंद करून सिनेमा दाखवणे त्यांनी पसंत केले. अ‍ॅन ब्राऊन त्याच वर्षी अमेरिका सोडून नॉर्वेला स्थायिक झाल्या.

आता परदेश. युरोपातला पहिला प्रयोग झाला कोपनहेगनला, २७ मार्च १९४३ रोजी, डेन्मार्कच्या रॉयल थिएटरमध्ये. शहर नाझी जर्मनीच्या ताब्यात. संगीतकार ज्यू, पात्रे काळी, नाटक शत्रुराष्ट्राचे. हिटलरच्या राज्यात याहून निषिद्ध काही सुचणे कठीण. सगळे कलाकार डॅनिश गोरे, तोंडे काळी रंगवलेली. प्रयोगांना गर्दी लोटली, जर्मनांनी दबाव आणला, धमक्या आल्या आणि बावीस प्रयोगांनंतर ते थांबवावे लागले. नाझींच्या विजयाच्या बातम्या रेडिओवर लागल्या की डॅनिश प्रतिकार चळवळीचे लोक त्याच लहरींवर घुसून या ऑपेरातले एक खोडकर गाणे वाजवत, असे आजही सांगतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कच्या सामान्य लोकांनी सुमारे सात हजार ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवले.

हा प्रसंग आमच्या सोप्या सूत्रात बसत नाही, आणि आम्ही तो बसवायचा प्रयत्नही करणार नाही. तोंडाला काळे फासणे हे तोंडाला काळे फासणेच. त्या रंगमंचावर एकही कृष्णवर्णीय नव्हता, ही गोष्ट त्यांच्या धैर्याने पुसली जात नाही. पण ते धैर्य खरे होते. काळ्या पात्राची कातडी चढवण्यासाठी त्यांना काही मिळणार नव्हते, उलट जे होते ते जाण्याची भीती होती. बुडापेस्टच्या सहीमागे कसली भीती होती? हक्कधारकांच्या वकिलाची. कुणी पीडिताचे रूप घेतो तेव्हा आम्ही आधी बघतो की त्या रूपासोबत पीडिताच्या वाट्याचा धोका तो घेतो का. घेत असेल तर वाद घालू, पण आदर ठेवून.

यानंतरचा टप्पा सर्वांत शिकण्यासारखा आहे. १९५२ साली रॉबर्ट ब्रीन आणि ब्लेविन्स डेव्हिस यांनी हा ऑपेरा नव्याने उभा केला. लिऑन्टीन प्राइस बेस, विल्यम वॉरफिल्ड पोर्गी. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने पैसे दिले आणि मंडळी निघाली: व्हिएन्ना, बर्लिन, लंडन, पॅरिस, पुढच्या फेरीत युगोस्लाव्हिया, इजिप्त, मिलानचे ला स्काला, मग लॅटिन अमेरिका. माया अँजेलो या दौऱ्यात नर्तकी होत्या. पुढे त्यांनी आत्मचरित्राचा एक भाग बराचसा यावरच लिहिला.

परराष्ट्र खात्याला एकदम ऑपेराचे वेड का लागले? शीतयुद्ध चालू होते. सोव्हिएत रशिया जगभर सांगत होता की स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या अमेरिकेत काळ्यांना जिवंत जाळतात. त्यावर उत्तर काय द्यायचे? जाळणे थांबवणे अवघड होते, गाणारे पाठवणे सोपे होते. हे बघा आमचे कृष्णवर्णीय: उत्तम कपडे, उत्तम आवाज, चांगल्या हॉटेलात राहतात, जगभर फिरतात. गंमत अशी की ज्या ऑपेरात ते भिकारी, जुगारी आणि नशेबाज दाखवले आहेत तोच त्यांच्या प्रगतीचा पुरावा म्हणून मिरवला जात होता.

आणि याच काळात कुणाला बाहेर जाऊ दिले जात नव्हते ते पाहा. पॉल रोबसन, त्या काळातला जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध कृष्णवर्णीय गायक-नट. १९५० साली सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला, तो १९५८ पर्यंत दिला नाही. कारण तो परदेशात जाऊन गाण्यासोबत बोलतही असे. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निग्रो काँग्रेसच्या निवेदनाची चौकशी केली होती, त्यांचाही पासपोर्ट याच दशकात अडवला गेला. म्हणजे लेखकाने लिहून दिलेले शब्द गाणारा कृष्णवर्णीय सरकारी खर्चाने जाणार, आणि स्वतःचे शब्द बोलणारा घरात डांबला जाणार. 'आमच्या मंत्रिमंडळातही तुमचा माणूस आहे' हे वाक्य ज्यांनी ज्यांनी ऐकले आहे त्यांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

१९५५ साल अखेर तर इतिहासानेच नाट्य रचले. ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला ठार मारले गेले, सप्टेंबरमध्ये गोऱ्या ज्युरीने आरोपींना सोडले. ५ डिसेंबरला माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार सुरू केला. आणि त्याच डिसेंबरच्या अखेरीस 'पोर्गी अँड बेस'चा पडदा लेनिनग्राडला उघडला, जानेवारीत मॉस्कोला. या वेळी अमेरिकन सरकारने पैसे द्यायला नकार दिला, खर्च सोव्हिएत सरकारने उचलला! अमेरिकेला ज्या ऑपेरातून आपल्या काळ्यांची प्रगती दाखवायची होती, त्यातूनच रशियाला त्यांची दुर्दशा दाखवायची होती. दोघांनाही तोच माल चालत होता. कंपनीसोबत गेलेल्या ट्रुमन कपोटी या लेखकाने या प्रवासावर एक खुसखुशीत पुस्तक लिहिले आहे. निघण्यापूर्वी बर्लिनमध्ये दूतावासाच्या लोकांनी कलाकारांना कसे समजावून सांगितले तेही त्यात येते. गोऱ्या लेखकाची तिरकी नजर गृहीत धरून वाचावे, पण वाचावे.

त्या कलाकारांना हे कळत नव्हते असे समजू नका. त्यांना घरी काय दिसत होते? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिली कृष्णवर्णीय एकल गायिका, मेरियन अँडरसन, उभी राहिली ती जानेवारी १९५५ मध्ये. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते. म्हणजे ज्यांचे गळे ला स्कालाला चालत होते त्यांना स्वतःच्या देशातले सर्वांत मोठे दार नुकते कुठे किलकिले झालेले. लिऑन्टीन प्राइस मेटमध्ये पोचल्या १९६१ साली. मधली वर्षे पोर्गीने शेकडो गायकांना पगार दिला, तालीम दिली, जग दाखवले. याला काय म्हणायचे? आम्ही याला पिंजराही म्हणतो आणि शिडीही. राखीव जागेवर निवडून येणाऱ्या आपल्या माणसाची नेमकी हीच अवस्था असते. बोलायला तोंड उघडले की पक्ष तिकीट कापतो, गप्प बसला की समाज नाव ठेवतो. १९३६ चे डंकन आठवतात ते म्हणूनच.

पुढच्या दोन प्रयोगांबद्दल थोडक्यात. १९६५ साली न्यूझीलंडमध्ये हा ऑपेरा प्रामुख्याने माओरी कलाकारांनी केला, इनिया ते वायाता हे माओरी गायक पोर्गी झाले. जमीन गमावलेले, स्वतःच्या देशात दुय्यम ठरवले गेलेले लोक होते ते, आणि त्या भूमिकेत ते उभे राहिले. 'कातडीचा रंग' इतकाच अर्थ त्या अटीला असता तर हा प्रयोग चूक ठरला असता. आम्हाला तो बरोबर वाटतो. दुसरा प्रयोग केपटाऊन ऑपेराचा. त्यांनी कॅटफिश रो उचलून सोवेटोत नेली, वर्णभेदाच्या काळात. सगळे कलाकार दक्षिण आफ्रिकेचे. २०१० मध्ये त्यांना तेल अवीवचे निमंत्रण आले तेव्हा आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी जाऊ नका म्हणून आवाहन केले. त्यांचे म्हणणे साधे होते: त्या भूमीतले इस्रायली आणि पॅलेस्टिनी दोघेही सारख्याच मोकळेपणाने प्रेक्षागृहात येऊ शकतील तेव्हा जा. मंडळी गेली. आमच्या मते टुटू बरोबर होते. चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी डंकन यांनी वॉशिंग्टनला हीच मागणी केली होती, आणि त्याच ऑपेराच्या कलाकारांना ती आठवू नये याचे वाईट वाटते.

आता पुन्हा बुडापेस्ट. तिथल्या ऑपेराचा बचाव असा की आमच्या देशात कृष्णवर्णीय गायक आणायचे कुठून, आणि रंग विचारून माणसे निवडणे हाच वंशवाद नाही का? दिग्दर्शकाने कथा विमानतळावरच्या निर्वासितांमध्ये नेली होती. निर्वासित! २०१५ मध्ये ज्या देशाने सर्बियाच्या सीमेवर काटेरी कुंपण घातले, त्या देशाच्या सरकारी रंगमंचावर गोरे गायक निर्वासितांचे दुःख गात होते. पण त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे. हंगेरीत कॅटफिश रो नाही काय? आहे. रोमा लोकांच्या वस्त्या आहेत, गावाबाहेर. रोमा मुलांना मंदबुद्धी ठरवून वेगळ्या शाळेत टाकले जाते, याबद्दल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१३ साली हंगेरीला दोषी धरले. आणि याच देशाच्या ईशान्येला, शायोकाझा नावाच्या गावात, रोमा तरुणांनी बुद्ध आणि बाबासाहेब वाचून २००७ मध्ये शाळा काढली. तिला नाव दिले डॉ. आंबेडकरांचे. जय भीम म्हणणारे लोक आहेत ते. माओरी पोर्गी होऊ शकतो तर रोमा का नाही? प्रश्न विचारायचा तर हक्कधारकांना हा विचारायचा होता. त्याऐवजी गोऱ्यांनी गोऱ्यांनाच काळे ठरवणारा कागद छापला.

'उद्या म्हणाल हॅम्लेट फक्त डेन्मार्कच्या माणसानेच करावा!' असे आमच्या एका नाट्यवेड्या मित्राचे म्हणणे. कलेला जात नसते, हे तो नेहमीच म्हणतो; त्याची आडनावे पाहून ठरणारी नाटक कंपनी आम्ही पाहिली आहे. त्याला उत्तर इतकेच की हॅम्लेट करायला मिळाला नाही म्हणून कुठल्या डॅनिश नटाच्या घरी चूल बंद पडली नाही. जिथे सगळी दारे एकाला उघडी आणि दुसऱ्याला एकच दार, तिथे त्या एका दारावर पाटी लागली तर ती अन्यायाची भरपाई असते. ऑगस्ट विल्सन या कृष्णवर्णीय नाटककाराने १९९६ मध्ये भाषण करून याच्याही पुढचे म्हटले. गोऱ्यांच्या नाटकात काळ्यांना भूमिका मिळाल्या म्हणून आम्ही समाधानी व्हायचे नाही, आम्हाला आमची नाट्यगृहे हवीत, असा त्याचा रोख होता. विसाव्या शतकातल्या कृष्णवर्णीय जीवनावर त्याने दहा नाटके लिहिली.

ही मागणी जुनीच आहे. ड्युबॉइस यांनी १९२६ साली, म्हणजे 'पोर्गी' नाटक रंगमंचावर येण्याच्या एक वर्ष आधी, कृष्णवर्णीय रंगभूमीच्या चार कसोट्या सांगितल्या होत्या: विषय आपल्या जगण्याचा, लेखक आपले, प्रेक्षक आपले आणि नाट्यगृह आपल्या वस्तीजवळ. या चार कसोट्यांवर 'पोर्गी अँड बेस' घासून पाहा. विषय अर्धाच आपला. बाकी तिन्हींत नापास. आणि मग भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा घासून पाहा. विषय आपला, शाहीर आपले, ऐकणारे आपले, आणि जागा वस्तीतला मोकळा चौक. ड्युबॉइसचा लेख कर्डकांनी वाचला असण्याची शक्यता नाही. गरज एकच असली की उत्तर एकच येते. १८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' लिहिले तेव्हा दक्षिणा प्राइझ कमिटीने ते बाजूला ठेवले होते. तिथून जलशापर्यंत यायला आपल्याला पाऊण शतक लागले, आणि जलशापासून पुढे आपण किती गेलो याचा हिशेब आमचे नाट्यकर्मी मित्रच चांगला देतील. आजही आपली गोष्ट मोठ्या पडद्यावर दिसली की आपण आधी टाळ्या वाजवतो आणि निर्माता कोण, लेखक कोण, पैसा कुठे गेला हे नंतर विचारतो. कधी विचारतही नाही.

या सगळ्यात एक गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. कृष्णवर्णीय कलाकारांच्या बाजूने असलेली ती अट, जिच्यामुळे बुडापेस्टला कागद छापावा लागला, ती कृष्णवर्णीयांच्या हातात नाही. ती आहे गोऱ्या संगीतकाराच्या आणि लेखकाच्या वारसांच्या हातात. मानधन त्यांना जाते, परवानगी ते देतात, तक्रार झाली तर नोटीस ते पाठवतात. त्यांनी ती आजवर बऱ्यापैकी सांभाळली याबद्दल आभार. पण स्वामित्वहक्काला मुदत असते. जॉर्ज गर्श्विन १९३७ मध्ये वारले, हेवर्ड १९४० मध्ये, आयरा १९८३ मध्ये. कधी ना कधी ही मुदत प्रत्येक देशात संपणार, आणि कराराने आलेली अट कराराबरोबर जाणार. त्यानंतर कुणालाही तोंडाला काळे फासून 'समरटाइम' म्हणता येईल आणि सहीचा कागदही लागणार नाही. दुसऱ्याच्या मालकीच्या घरात मिळालेल्या संरक्षणाचा भाडेकरार किती दिवसांचा असतो, हे ज्यांना आत्ताच तपासायचे आहे त्यांनी आपापल्या क्षेत्रात तपासायला सुरुवात करावी: विद्यापीठात, पक्षात, माध्यमांत.

आमच्यापुरते आम्ही असे ठरवले आहे की या पावसाळ्यात आमच्या अभ्यासगटात पोर्गी बाजूला ठेवून लोरेन हॅन्सबेरीचे 'अ रेझिन इन द सन' वाचायचे. १९५९ चे नाटक, ब्रॉडवेवर आलेले कृष्णवर्णीय स्त्रीचे पहिले. गोऱ्यांच्या वस्तीत घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाची गोष्ट आहे. पुण्या-मुंबईत आडनाव सांगितल्यावर भाड्याची खोली 'आत्ताच गेली' असे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. ज्यांना इंग्रजी जमते त्यांनी एकेक प्रवेश मराठीत सांगायचा, बाकीच्यांनी पात्रे वाटून घ्यायची. रविवारी, वंदनेनंतर, विहारातच बसू. या.

जय भीम!